थोरलीवरून धाकटीवर

रविवार, ३ मार्च

ठरलं! हिच्या कॉम्प्युटरची डिस्क मी बदलणार. घरी. स्वतःच्या हातांनी.

हिला सांगितलं तर म्हणाली, "कशाला? चाललंय की."

चाललंय म्हणे! सकाळी बटण दाबल्यावर ही चहा टाकते, खिडकीशी उभी राहून सावकाश पिते, कप विसळते, परत येते — तरी पडद्यावर ते चक्र आपलं गरगरतंच असतं. म्हटलं, नवी सॉलिड स्टेट डिस्क टाकली ना, की बटण दाबायचा अवकाश, यंत्र हजर! चहाला वेळसुद्धा मिळणार नाही तुला.

"असू दे हो," म्हणाली. "मला कुठे घाई आहे."

तंत्रज्ञान समजावून सांगणं सोपं नाही. गेल्या महिन्यापर्यंत मीसुद्धा डिस्क म्हणजे पाठीच्या कण्यातली, एवढंच धरून चाललो होतो.

पण हे काम व्हायलाच हवं. हिचा सगळा धंदा त्या एका डब्यात आहे. शाळांच्या, क्लबांच्या कोटांवर खिशाशी भरतकामाचा बिल्ला असतो, तो ही करते. कॉम्प्युटरवर टाक्याला टाका लावून नक्षी आखते, मग ती मशीनला देते, मशीन धडाधड भरत सुटतं. मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, दोऱ्याची रिळंच रिळं. अठरा वर्षांचे नमुने त्या डिस्कवर आहेत. आणि नक्षी आखायचा तो प्रोग्रॅम करणारी कंपनी कधीच बुडाली! डिस्कने एक दिवस मान टाकली की संपलंच. म्हणून सगळं जसंच्या तसं, अख्खी सिस्टिम, प्रोग्रॅम, नमुने, उचलून नव्या डिस्कवर ठेवायचं. कॉम्प्युटरला कळतासुद्धा कामा नये, आपण बिऱ्हाड बदललं म्हणून.

मला जमेल. कारखान्यात दुरुस्ती विभागाचा मुख्य होतो मी. स्क्रू ड्रायव्हर कधी हातात धरला नाही ही गोष्ट वेगळी. सह्या करायला पेन लागायचं.

सोमवार, ४ मार्च

डिस्क आणली. पत्त्यांच्या जोडापेक्षाही लहान! हिची जुनी पाचशे जीबीची, ही हजाराची. म्हणजे पोटात दुप्पट मावणार. सोबत एक वायर, आणि एक पेन ड्राइव्ह — त्यात पुसायचा आणि नकल करायचा प्रोग्रॅम.

दुकानदार म्हणाला, "काका, डबा इथे ठेवून जा. संध्याकाळी तयार."

मी नुसता हसलो. काका! एकेकाळी माझ्या सहीशिवाय बॉयलर पेटत नव्हता.

निघताना त्याने सांगितलं, ही डिस्क दुकानात दाखवायला लावली होती, तिच्यावर काहीबाही पडलेलं आहे. आधी पुसून कोरी करा, मग नकल करा.

लेकीला फोन केला. ती दूर असते, पण बापाला शहाणपण शिकवायला अंतर आड येत नाही. "बाबा, आधी बॅकअप घे."

"अगं, नव्या डिस्कवर सगळं नेतोय, तोच नाही का बॅकअप?"

तिने फोनच ठेवून दिला. बापाच्या हुशारीने गार पडली असावी.

मंगळवार, ५ मार्च

आज नियोजन. जुनी-नवी, पहिली-दुसरी, हा घोळ नको म्हणून दोघींची नावं ठेवली. जुनी ती थोरली. नवी ती धाकटी. सुटसुटीत! कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं —

धाकटी पुसणे.
थोरलीवरून धाकटीवर नकल करणे.
थोरली काढून ठेवणे.

हिला मागच्या खोलीत गाठून समजावून सांगितलं. एका हाताने मनगट चोळत ऐकत होती. मनगटाला हल्ली पट्टा बांधते. मध्येच फोन आला — एका शाळेला आणखी पन्नास हवेत, शनिवारच्या आत. "हो, होईल," म्हणाली. फोन ठेवला. परत वाजला. "हो हो, करते." हिच्या तोंडात नाही हा शब्दच नाही. गिऱ्हाइकं म्हणतात, बाई म्हणजे सोनं! मला अभिमान वाटतो.

"कळलं ना," मी विचारलं, "थोरली कुठली, धाकटी कुठली?"

"थोरली म्हणजे वयाने. माझी," म्हणाली.

हुशार आहे.

बुधवार, ६ मार्च

डबा उघडला. आत उंदराने घर करावं इतकी धूळ. झाडली. एक स्क्रू जास्तीचा उरलाय — आणि मी अजून काही जोडलंच नाहीये!

गुरुवार, ७ मार्च

मुहूर्त लागला. हे लिहितोय तेव्हा पुसणं चालू आहे. पडद्यावर टक्के सरकताहेत, मुंगीच्या पावलांनी, पण सरकताहेत.

सकाळी सगळं मांडून बसलो. हिला म्हटलं, तू मागे उभी राहा आणि कागद वाच. चष्मा एकच, तो पडद्यासाठी लागत होता. पेन ड्राइव्हवरून प्रोग्रॅम चालू केला. यादी आली. दोन डिस्क. नावं बघावीत तर इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची खिचडी, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. शेवटी मात्र मापं लिहिलेली होती. एक पाचशे, एक हजार.

ही मागून वाचत होती, "धाकटी पुसणे."

धाकटी लगेच ओळखली. पाचशेवर बोट ठेवलं, निवडली. मग प्रोग्रॅम विचारतो, नुसतं पुसू की कसून पुसू? मी अर्धवट कामाचा माणूस नाही. कसून!

मग लाल अक्षरांत आलं — हे परत आणता येणार नाही, खात्री आहे का? हात जरा अडखळला. मागे वळून हिच्याकडे बघितलं. म्हटलं, "करू ना?"

ती पडद्याकडे बघत होती. हातातला कागद तिने दुमडला.

"करा," म्हणाली.

इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या हातावर एवढा विश्वास कुणी टाकला नव्हता. हिच्या दृष्टीने भिंतीत खिळा ठोकायलासुद्धा मी लायक नाही. आज मात्र एका शब्दाने काम सोपवलं. फार बरं वाटलं. आत्ता मागच्या खोलीतून मशीनचा आवाज येतोय. शाळेचा नमुना मशीनच्या पोटात आधीच भरलेला आहे, त्यामुळे तिचं काम अडलेलं नाही.

शुक्रवार, ८ मार्च

थोरली पुसली.

सकाळी टक्के पूर्ण झाले. मी उत्साहात पुढच्या पायरीवर गेलो. थोरलीवरून धाकटीवर! प्रोग्रॅम म्हणतो, या डिस्कवर काहीच नाही. वायर सैल असेल म्हणून दाबली. दुसऱ्या भोकात घातली. प्रोग्रॅम भिकार, वायर भिकार, दुकानदार चोर. अंगण वाकडंच! मग एकदम लख्ख डोक्यात आलं.

नाव ठेवलं वयावरून. निवडली मापावरून. धाकटी, म्हणजे लहान, म्हणजे पाचशेची! आणि पाचशेची कुठली? जुनी! मंगळवारी मी स्वतःच बारसं केलं, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच फसलो. जुनी-नवी म्हटलं असतं तर शेंबडं पोर चुकलं नसतं. पण नाही. आम्हाला नावं ठेवायची हौस.

अठरा वर्षांचं काम. सिस्टिम, प्रोग्रॅम, नमुने, सगळं. आणि तेही कसून.

मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती कोटाच्या खिशावर बिल्ला बसवत होती. सांगितलं. वाक्यं कुठल्या क्रमाने बोललो आठवत नाही.

"सगळं गेलं?" तिने विचारलं.

"सगळं."

ती स्टुलावर बसली. हातातला कोट मांडीवर ठेवला, त्याची घडी घातली. आणि म्हणाली, "बरं."

बरं! ओरडली असती, काहीतरी फेकून मारलं असतं, तर मी वाचलो असतो. बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून रडलो.

शनिवार, ९ मार्च

डिस्क घेऊन दुकानात गेलो. पुसलेलं परत काढून देणारे असतात म्हणे.

"साधंच पुसलंय ना?" दुकानदाराने विचारलं.

"कसून."

त्याने डिस्क हळूच काउंटरवर ठेवली. "काका, एवढं कसून तर आम्ही दुकानपण पुसत नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. डिस्क परत घेऊन आलो. कोटाच्या आतल्या खिशात ठेवून, जपून. कशासाठी जपून, देव जाणे.

रविवार, १० मार्च

लेकीला सांगितलं. तिने फक्त एक शब्द विचारला, "बॅकअप?" मी आजच दोन रिकामे पेन ड्राइव्ह आणलेत. बैल गेला आणि झोपा केला.

मग मायलेकी खूप वेळ बोलत बसल्या. आतून हसण्याचा आवाज आला. हिचा! माणूस फार मोठ्या धक्क्यात हसतो, मी कुठेतरी वाचलंय. लेकीला नंतर विचारलं तर म्हणाली, "बाबा, आई मला बरी वाटतेय." म्हटलं, तुला काय कळतंय, तू लांब आहेस.

बुधवार, १३ मार्च

शाळेचे बिल्ले शनिवारच्या आत पुरे झाले. पोचवले. आता मशीनवर एक जुनी चादर टाकून ठेवलीय. मला त्या खोलीत जाववत नाही.

फोन येतात. मी जवळपास घोटाळत राहतो, माझी शिक्षा म्हणून ऐकतो. "कॉम्प्युटर गेला हो. आता नाही होणार." काय शांत आवाज! हिच्या तोंडून "नाही होणार" मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय. एकाला तर दुसऱ्या एका कारागीर बाईंचा नंबरही दिला. स्वतःची गिऱ्हाइकं अशी वाटून टाकायची म्हणजे आत काय चाललं असेल!

दुपारी झोपते. ही! जिने दुपारची झोप फक्त बाळंतपणात पाहिली! मनगटाचा पट्टा काढून टाकलाय. काल संध्याकाळी एकटीच फिरायला गेली, अंधार पडायच्या सुमाराला आली, चेहरा लाल. रडून आली असणार. विचारलं तर म्हणाली, तळ्यापर्यंत चालत गेले होते.

मला एक शब्द बोलत नाही. जेवताना जास्तीचं वाढते. हे मोठेपण सहन होत नाही. आज भांडी मी घासली, खिडक्या पुसल्या. नुसत्या. कसून नाही.

शुक्रवार, १५ मार्च

आशा!

गिऱ्हाइकांची माफी मागायची ठरवलं. चूक माझी, तोंड तिने का द्यावं? पहिला फोन टेनिस क्लबच्या सेक्रेटरीला. मी रडगाणं लावलं, तर तो म्हणतो, "नमुने गेले? आमचा आहे की आमच्याकडे. बाई मालाच्या खोक्यात दरवेळी सीडी घालून देतात."

सीडी! प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या नमुन्याची सीडी! आणि अठरा वर्षं एका घरात राहून मला पत्ता नाही. म्हणजे अठरा वर्षांचं काम गावभर वाटलेलं आहे, घरोघरी, कपाटाकपाटांत. मी फक्त मधला डबा फोडला!

हिला सांगणार नाही. सगळं उभं करून दाखवीन.

रविवार, १७ मार्च

ही बहिणीकडे गेली, आठवडाभर राहणार. धंद्यापायी कधी दोन दिवससुद्धा गेली नव्हती. घरातलं दुःख सोसवेना, म्हणून गेली असणार. जाताना दारात म्हणाली, "तुम्ही किती वाळलात हो. नका मनाला लावून घेऊ." मी खिन्न चेहरा केला. मनात म्हटलं, थांब तू!

सोमवार, १८ मार्च

प्रोग्रॅम लिहिणारा माणूस सापडला. कंपनी बुडाली पण तो तरंगतोय, कोंबड्या पाळतो. प्रोग्रॅम आणि तो उघडायची आकड्यांची नवी चावी मेलने पाठवली, वर म्हणतो, अजून कुणी वापरतं का हो ते?

गुरुवार, २१ मार्च

पायांचे तुकडे पडलेत. पिशवी घेऊन दारोदार. सीडी आहे का सीडी? एका शाळेच्या रखवालदाराने रद्दीवाला समजून मागच्या दाराने पाठवलं. गेलो. मागच्या दारानेच कार्यालय जवळ होतं. व्यायामशाळेत सीडी कपाखाली ठेवत होते, तरीही चालली! बँड पथकाच्या मास्तरांनी तर चहा पाजला आणि हिच्याबद्दल बोलत राहिले. म्हणाले, आदल्या रात्री सांगितलं तरी सकाळी माल तयार, असं माणूस दुसरं नाही.

सगळ्यांचा एकच प्रश्न, बाई परत सुरू करताहेत का? मी म्हटलं, करताहेत म्हणजे काय! तिघांनी तिथल्या तिथे काम दिलं. मी हो म्हणून टाकलं. शाळेचे दीडशे, बँडचे नवे, टेनिस क्लबचे टोपीवरचे. हिला विचारायचं काय त्यात, ती तरी नाही कुठे म्हणते?

शनिवार, २३ मार्च

झालं. नवी डिस्क डब्यात बसली. कोरी सिस्टिम तिच्यावर चढवली, प्रोग्रॅम टाकला, कोंबडीवाल्याची चावी लावली, सीड्या एकेक करून उतरवून घेतल्या. थोडे नमुने राहिले, बाकी सगळे आले. बटण दाबलं की खरंच हजर! मी दहा वेळा बंद करून दहा वेळा चालू केला, नुसतं बघायला. आणि बॅकअप! दोन्ही पेन ड्राइव्हवर! कोण म्हणतं मला हाताने काही येत नाही?

तो जास्तीचा स्क्रूही बसला. कुठे ते विचारू नये.

रविवार, २४ मार्च

आली. रंग उजळलाय, बहिणीकडची हवा मानवली. पिशवी हातातून घेतली आणि तिला तशीच मागच्या खोलीत नेलं. मशीनवरची चादर काढून घडी करून ठेवली होती. बटण दाबलं. म्हटलं, बघ!

नमुने ओळीने उघडून दाखवले. टेनिसची जाळी, बँडचा कर्णा, शाळेचा दिवा. एकेक करून. सीड्यांची गोष्ट सांगितली, रद्दीवाल्याची, कोंबड्यांची. तिन्ही कामांची. पहिलं गुरुवारी द्यायचंय.

ती बघत राहिली. मग खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. तोंडावर पदर नाही, आवाज नाही, नुसती धार. मी पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. माझेही डोळे भरून आले. या पंधरा दिवसांत आतल्या आत किती सोसलं असेल हिने, ते आज बाहेर पडलं. म्हटलं, रड, मोकळी हो. आता सगळं पहिल्यासारखं झालं.

असा आनंद मी हिला पहिल्यांदाच दिला असेन.

मंगळवार, २६ मार्च

सकाळी ती मनगटाला पट्टा बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही पाचशेवर बोट ठेवलंत, तेव्हा मी बघत होते."

मला कळेना.

"धाकटी कुठली, ते मला ठाऊक होतं. तुम्ही विचारलंत, करू ना."

म्हटलं, मग अडवलं का नाहीस?

"मला कुणाला नाही म्हणता येत नाही. अठरा वर्षं नाही आलं. म्हटलं, आपोआप संपतंय, तर संपू दे."

पट्टा मी सोडला. माझ्याच्याने तो लवकर सुटेना. मग शाळेत फोन लावला आणि सांगितलं, काम होणार नाही. ते म्हणाले, गेल्या गुरुवारी तर तुम्हीच म्हणालात कॉम्प्युटर सुरू होतोय.

म्हटलं, कॉम्प्युटर सुरू आहे. तिला नको आहे.